प्रकाश सोबत घेऊन फिरणारी छायाचित्रकार : मार्गारेट बर्क-व्हाइट

चरख्यामागे जमिनीवर बसून कागद वाचणाऱ्या महात्मा गांधींचे छायाचित्र भारतात बहुतेकांनी पाहिलेले असते. पाठ्यपुस्तकांत, सरकारी कार्यालयांच्या भिंतींवर, स्मारकांत आणि दिनदर्शिकांवर ते असंख्य वेळा छापले गेले आहे. हे छायाचित्र १९४६ मध्ये पुण्यात टिपले गेले, ते एका अमेरिकन महिलेने टिपले आणि त्यासाठी तिला केवळ तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची मुभा होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मार्गारेट बर्क-व्हाइट हे तिचे नाव. जिथे उजेड नाही तिथे स्वतःचा उजेड घेऊन जाणे हेच या छायाचित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचे स्वरूप होते. त्या उजेडाला मर्यादा घालणारा माणूस त्यांना भारतात भेटला.

मार्गारेट यांचा जन्म १४ जून १९०४ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स भागात झाला. वडील जोसेफ व्हाइट छपाईयंत्रांचे अभियंते आणि संशोधक होते. यंत्रांविषयीचे आकर्षण मुलीला त्यांच्याकडूनच मिळाले. कारखान्यात नेऊन त्यांनी तिला लहानपणी ओतकाम दाखवले होते आणि अंधारात वाहणाऱ्या तप्त धातूची ती आठवण तिच्या मनातून कधीच गेली नाही. साप आणि कासवे पाळण्याचा छंद असलेल्या मार्गारेट यांनी महाविद्यालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाची वाट धरली होती. कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्याकडे छायाचित्रणाचे धडे घेतल्यानंतर मात्र ती वाट बदलली. १९२२ मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढे एक अल्पजीवी विवाह, एकामागून एक बदललेली विद्यापीठे आणि अखेर १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी, असा हा काळ धावपळीचा होता. वडिलांच्या आडनावाला आईचे बर्क हे नाव जोडून त्यांनी क्लीव्हलँड शहरात स्वतःचा स्टुडिओ थाटला.

त्यांच्या कारकिर्दीचा खरा आरंभ क्लीव्हलँडमधील ओटिस पोलाद कारखान्यात झाला. कंपनीच्या अध्यक्षांची परवानगी मिळवून १९२७-२८ च्या हिवाळ्यात त्या रात्रीमागून रात्री कारखान्यात जात राहिल्या. वितळलेल्या पोलादाची धार डोळ्यांना दिपवून टाकणारी होती. परंतु फिल्म धुतल्यावर हाती काहीच लागत नसे. याचे कारण त्या काळच्या फिल्मच्या गुणधर्मात होते. ही फिल्म निळ्या प्रकाशाला तत्पर प्रतिसाद देई, तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ आंधळी होती. तप्त पोलादाचा प्रकाश तांबडा. म्हणून माणसाला जो देखावा प्रकाशाने न्हालेला दिसे तो कॅमेऱ्याला काळोखाचा वाटे. उष्णतेने कॅमेऱ्याच्या लाकडी पेटीचे रोगण फुगले, चेहरा भाजला. पण छायाचित्र काही उमटेना.

यातून मार्ग निघाला तो मॅग्नेशियमच्या मोठ्या दिवट्यांमुळे. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी तयार केलेल्या या दिवट्या विकायला निघालेला एक फिरता विक्रेता योगायोगाने क्लीव्हलँडमध्ये आला होता. मॅग्नेशियम जळताना पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला प्रकाश पडतो आणि फिल्मला नेमका तोच हवा होता. जेमतेम डझनभर दिवट्या हाती होत्या. त्या कॅमेऱ्याजवळ न लावता बाजूने पेटवण्यात आल्या. त्यामुळे धूर, यंत्रांचे सांगाडे आणि पोलादाची धार यांना प्रथमच खोली आली. छायाचित्रणाच्या परिचितांनी अधिक छटा पेलणारा छपाईचा कागदही शोधून दिला. या चित्रांनी अमेरिकेतील उद्योगजगताचे लक्ष वेधले. प्रकाशक हेन्री ल्यूस यांनी तारेने बोलावणे पाठवून १९२९ मध्ये त्यांना आपल्या नव्या फॉर्च्यून मासिकासाठी नेमले.

कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेल्या दिव्याचे महत्त्व इथे थोडे विस्ताराने पाहायला हवे. भिंगाच्या अगदी शेजारून पडणारा प्रकाश वस्तूवर समोरून आदळतो. चेहऱ्यावरील उंचसखलपणा त्यात पुसला जातो, नाक, गाल आणि कपाळ एकाच पातळीवर आल्यासारखे दिसतात आणि मागच्या भिंतीवर काळी कडक सावली उमटते. तोच दिवा बाजूला आणि थोडा उंचावर नेला की सुरकुत्या बोलू लागतात, कापडाचे विणकाम दिसते आणि खोलीचा अंदाज येतो. अंतराचा हिशेबही महत्त्वाचा असतो. दिवा दुप्पट दूर नेला तर वस्तूवर पडणारा प्रकाश निम्मा न राहता एक चतुर्थांश होतो. आज पुण्यातील किंवा मैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधील लग्नसमारंभात छायाचित्रकार कोपऱ्यातील स्टँडवर ठेवलेला फ्लॅश रेडिओ संदेशाने, कोणत्याही तारेशिवाय, हव्या त्या क्षणी पेटवतो. परिणाम लगेच पडद्यावर पाहून तो दिव्याची जागा बदलतो. बर्क-व्हाइट यांच्या काळी हे सारे तारांनी, बॅटऱ्यांनी आणि अनुभवातून आलेल्या अंदाजाने करावे लागे, आणि चूक झाली की ती फिल्म धुतल्यानंतरच कळे.

त्यापूर्वीची परिस्थिती याहून बिकट होती. १८८७ मध्ये जर्मनीत तयार झालेली मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी तबकात ठेवून पेटवली जाई. तिचा आवाज होई, धूर कोंडे, प्रसंगी आगही लागे. १९२९-३० च्या सुमारास काचेचा फ्लॅशबल्ब बाजारात आला. ऑक्सिजनने भरलेल्या काचेच्या गोळ्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा तारांचा गुंता ठेवलेला असे. बॅटरीचा प्रवाह मिळताच तो क्षणार्धात जळून जाई. धूर नाही, आवाज नाममात्र; परंतु प्रत्येक बल्ब एकदाच वापरता येई. शिवाय तो पूर्ण तेजाला पोचायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागत असे. शटर नेमके त्याच वेळी उघडे असणे आवश्यक होते. ही वेळ जुळवणारे यंत्र कॅमेऱ्याला जोडावे लागे. ते थोडे जरी चुकले तरी लखलखाट होऊन गेल्यावर शटर उघडे आणि फिल्मवर काळोख उमटे.

बर्क-व्हाइट यांनी हे तंत्र लवकरच आत्मसात केले. १९३० मध्ये सोव्हिएत संघातील उद्योगांची छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळवणाऱ्या पहिल्या पाश्चात्य छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. २३ नोव्हेंबर १९३६ रोजी लाइफ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनीच टिपलेले फोर्ट पेक धरणाचे छायाचित्र होते. पण त्यांच्या फ्लॅशची खरी कसोटी लागली ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस उत्पादक राज्यांत.

लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासह त्या तेथील खंडकरी शेतकऱ्यांच्या झोपड्यांत फिरल्या. या झोपड्यांना खिडक्या जेमतेम असत आणि भिंतींना वर्तमानपत्रांची रद्दी चिकटवलेली असे. कॉल्डवेल घरच्या माणसांशी बोलत बसत. बर्क-व्हाइट कॅमेरा एका जागी रोवून, दिवे जागच्या जागी लावून, लांब दोरीची कळ हाती घेऊन कोपऱ्यात थांबत. घरातली माणसे कॅमेऱ्याला विसरून बोलण्यात गुंतली आणि चेहऱ्यावर हवा तो भाव आला की कळ दाबली जाई. एका प्रार्थनास्थळी तर दोघांनी खिडकीतून आत शिरून उपासना सुरू असतानाच छायाचित्रे घेतली. कॉल्डवेल खिशात बल्ब भरून साहाय्यकाचे काम करत होते. १९३७ मध्ये यावर आधारित पुस्तक प्रसिद्ध झाले आणि गाजले. दारिद्र्याचे इतके जवळून, इतक्या तपशिलासह दर्शन अमेरिकन वाचकांना पूर्वी क्वचितच घडले होते. मात्र याच पुस्तकावर टीकाही झाली. छायाचित्रकार वॉकर एव्हान्स आणि लेखक जेम्स एजी यांना ही पद्धत गरिबांच्या घरातील घुसखोरी वाटली. ही टीका पूर्णतः अन्यायाची नव्हती. खिडकीतून आत शिरणाऱ्याला आतील माणसांनी बोलावलेले नसते.

कॉल्डवेल यांच्याशी त्यांचा विवाह १९३९ मध्ये झाला आणि १९४२ मध्ये संपुष्टात आला. दरम्यान १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला तेव्हा हे दाम्पत्य मॉस्कोत होते. शहरावर बॉम्ब पडत असताना सर्वांनी तळघरात जावे असा आदेश असे. बर्क-व्हाइट पहारेकऱ्यांची नजर चुकवून हॉटेलच्या खोलीत थांबत, कॅमेरे खिडकीत मांडून त्यांची शटर उघडी ठेवत. क्रेमलिनच्या मनोऱ्यांवर पडणारा प्रकाश त्या वेळी शत्रूच्या दिवट्यांचा आणि विमानविरोधी तोफांचा होता. हा प्रकाश त्यांनी लावलेला नव्हता. तरीही त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

त्याच जुलै महिन्यात अमेरिकेचे दूत हॅरी हॉपकिन्स यांच्या मॉस्को भेटीच्या वेळी त्यांना जोसेफ स्टॅलिन यांचे छायाचित्र घेण्याची संधी मिळाली. स्टॅलिन दगडासारखे निर्विकार उभे होते. खालच्या कोनातून चित्र घेण्यासाठी गुडघ्यांवर बसताना त्यांच्या खिशातील छोटे फ्लॅशबल्ब जमिनीवर सांडले आणि टणटणत चहूकडे पसरले. त्या आणि दुभाषी रांगत ते वेचू लागले. ते दृश्य पाहून स्टॅलिन यांच्या चेहऱ्यावर हसू आले. तेवढ्या अवधीत कळ दाबली गेली. लगेच चेहरा पूर्ववत झाला.

युद्धकाळातील त्यांची कामगिरी स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. डिसेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेकडे जाताना त्यांचे जहाज पाणतीराच्या माऱ्याने बुडाले. त्या जीवरक्षक नौकेतून बचावल्या. जानेवारी १९४३ मध्ये बॉम्बफेकी विमानातून प्रत्यक्ष मोहिमेवर जाणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला वार्ताहर ठरल्या. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याबरोबर त्यांनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत प्रवेश केला. तारेच्या कुंपणामागे उभ्या असलेल्या कैद्यांचे त्यांचे छायाचित्र जगाने पाहिले.

१९४६ मध्ये लाइफने त्यांना भारतात पाठवले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. मोहम्मद अली जिना, जवाहरलाल नेहरू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची छायाचित्रे त्यांनी घेतली. गांधीजींशिवाय मात्र ही चित्रमालिका पुरी होणे अशक्य होते. त्या काळात गांधीजींचा मुक्काम अनेकदा पुण्यात, डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात असे. बर्क-व्हाइट आपले कॅमेरे, तिपाया आणि बल्बची खोकी घेऊन पुण्यात दाखल झाल्या.

भेटीआधीच गांधीजींच्या सचिवांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. त्यांना सूत कातता येते काय? चरख्यापाशी बसलेल्या माणसाचे चित्र काढायचे तर चरखा म्हणजे काय हे समजायला हवे, अशी त्यामागची भूमिका होती. अंक छपाईला जाण्याची मुदत जवळ आली होती. बर्क-व्हाइट यांनी तसे सांगूनही पाहिले. उपयोग झाला नाही. पोलादाच्या भट्ट्यांपासून विमानांपर्यंत यंत्रांवर प्रेम करणाऱ्या या महिलेने मग जमिनीवर बसून चरख्याचा पहिला धडा घेतला. धागा वारंवार तुटत होता.

दुसरी अट अधिक कठीण होती. गांधीजींना डोळ्यांवर येणारा प्रखर प्रकाश सहन होत नसे, म्हणून कृत्रिम दिवे चालणार नव्हते. त्यातच तो सोमवार होता, त्यांच्या मौनाचा दिवस. छायाचित्रकारानेही बोलायचे नव्हते. आत जाऊन पाहिल्यावर बर्क-व्हाइट यांचे धाबे दणाणले. खोली अंधारी होती आणि उंचावरील लहानशा झरोक्यातून भर उन्हाचा झोत थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येत होता. गांधीजींची पाठ उजेडाकडे होती. उजेडाप्रमाणे शटर ठेवावे तर चेहरा काळा पडणार, चेहऱ्याप्रमाणे ठेवावे तर झरोका आणि भोवतालचा भाग पांढरा होऊन विरून जाणार. छायाचित्रणाच्या दृष्टीने याहून प्रतिकूल रचना शोधूनही सापडली नसती. बऱ्याच विनवणीनंतर तीन छोट्या फ्लॅशबल्बांची सवलत देण्यात आली होती. तीनच.

बर्क-व्हाइट एरवी एका चित्रासाठी बल्बची अख्खी खोकी रिकामी करत. इथे प्रत्येक लखलखाट मोजून घ्यायचा होता. गांधीजी वर्तमानपत्रांची कात्रणे वाचण्यात आणि कातण्यात मग्न होते. हातांची लय पाहून त्यांनी पहिला बल्ब पेटवला. उष्म्याने आणि दमटपणाने वेळ जुळवणारे यंत्र बिघडले होते. प्रकाश पडून गेला आणि शटर नंतर उघडले. तेव्हा बल्बच्या नादी न लागता तिपाईवरून संथ शटरने चित्र घ्यावे असे त्यांनी ठरवले. तर तिपाईचे पाय अडकले, एक आखूड आणि दोन लांब. दुसरा बल्ब व्यवस्थित पेटला, शटरही वेळेवर उघडले. पण फिल्मसमोरची संरक्षक पट्टी काढायची राहून गेली होती. तिसरा बल्ब योग्य क्षणी पेटला.

या तीन प्रयत्नांमध्ये गांधीजी आपल्या कामातून विचलित झाले नाहीत. पुढील भेटींत मात्र या दिव्यांवरून ते बर्क-व्हाइट यांची थट्टा करत आणि छळणारी बाई असे त्यांना गमतीने संबोधत. हे चित्र लाइफच्या पानांवर तत्काळ ठळकपणे आले नाही. गांधीजींच्या हत्येनंतरच्या श्रद्धांजलीच्या अंकातून ते मोठ्या आकारात जगासमोर आले आणि तेव्हापासून ते गांधीजींचे जणू अधिकृत चित्र बनले. टंचाईतून आलेल्या शिस्तीचाही त्यात वाटा होता, असे म्हणायला जागा आहे. खोकेभर बल्ब हाताशी असते तर झरोक्याच्या उजेडाला त्यांनी कदाचित पुसूनच टाकले असते.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात झालेल्या दंगलींनंतरची भीषण दृश्ये त्यांनी टिपली. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी पंजाबातून जाणाऱ्या निर्वासितांच्या तांड्यांबरोबर त्या फिरल्या. ही चित्रे आजही फाळणीच्या इतिहासाचा आधार मानली जातात. परंतु त्यांच्याबरोबर असलेल्या लाइफच्या वार्ताहर ली आयटिंगन यांनी पुढे सांगितलेली हकिगत अस्वस्थ करणारी आहे. मनासारखे चित्र मिळेपर्यंत बर्क-व्हाइट थकलेल्या, भुकेल्या निर्वासितांना पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालत यायला लावत, आणि भयभीत झालेली ती माणसे नकार देऊ शकत नव्हती. पुण्यात त्यांना थांबवणारे सचिव होते. पंजाबच्या रस्त्यावर कोणीच नव्हते.

३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी दिल्लीच्या बिर्ला भवनात बर्क-व्हाइट यांनी गांधीजींची मुलाखत घेतली. अणुबॉम्बच्या युगात अहिंसेचे काय होणार हा त्यांच्या प्रश्नांचा रोख होता. त्यानंतर काही तासांतच प्रार्थनासभेला जाताना गांधीजींची हत्या झाली. वृत्त कळताच त्या पुन्हा बिर्ला भवनाकडे धावल्या. ज्या खोलीत पार्थिव ठेवले होते तेथे त्यांनी लपवून कॅमेरा नेला. खोलीत उजेड कमी होता, आणि त्यांनी आयुष्यभर अशा खोलीत जे केले तेच केले. फ्लॅश पेटला. शोकाकुल मंडळी संतप्त झाली. कॅमेरा काढून घेण्यात आला, फिल्म उजेडात उघडून निकामी करण्यात आली आणि त्यांना बाहेर नेण्यात आले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हेही त्या दिवसांत दिल्लीत होते. फ्लॅश वापरणे ते तत्त्वतःच असभ्यपणाचे मानत. छोटा लायका कॅमेरा आणि असेल तेवढाच उजेड यांवर त्यांनी गांधीजींच्या निधनाची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली. ती जगभर प्रसिद्ध झाली. बर्क-व्हाइट यांचे त्या खोलीतील एकही चित्र उरले नाही.

भारतातील अनुभवांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४९ मध्ये प्रकाशित झाले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत खोलवर उतरून त्यांनी कृष्णवर्णीय कामगारांची चित्रे घेतली. तेथे त्यांनी नेलेल्या प्रकाशाविना काही दिसणेच शक्य नव्हते. १९५२ मध्ये त्या कोरियाच्या युद्धभूमीवर होत्या.

पन्नाशीकडे झुकताना त्यांच्या डाव्या हातापायात एक सुन्नपणा जाणवू लागला. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार होता. प्रारंभी तो त्यांनी सहकाऱ्यांपासून लपवला. बोटांची ताकद टिकावी म्हणून त्या कागदाचे बोळे करत, कपडे पिळत, मैलोन्‌मैल चालत. पण बल्ब बसवणे, फिल्मची पट्टी सरकवणे, भिंगाचे कडे फिरवणे ही आजवर नकळत होणारी कामे एकेक करून अवघड झाली. १९५७ नंतर लाइफसाठी त्यांना काम करता आले नाही. १९५९ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्यांनी आपले सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टाट यांना आपलीच छायाचित्रे घेऊ दिली आणि ती लाइफमध्ये प्रसिद्धही झाली. आजार उघडपणे सांगण्याची रीत नसलेल्या त्या काळात हे धाडस होते. दुसऱ्यांच्या खोल्यांत उजेड नेणाऱ्या या महिलेने या वेळी स्वतःच्या खोलीचे दार आपणहून उघडले होते.

१९६३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तोवर काचेच्या बल्बांची जागा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घेऊ लागला होता. एकच नळी हजारो वेळा पेटवता येत होती आणि तीन बल्ब मोजण्याचे दिवस सरत होते. २७ ऑगस्ट १९७१ रोजी कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे निधन झाले. १९८२ मध्ये रिचर्ड ॲटनबरो यांच्या गांधी या चित्रपटात त्यांची भूमिका कँडिस बर्गन यांनी साकारली. त्यांची कागदपत्रे न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत.